फोनवर राहिलेलं

प्रिय मृणू,

रविवारी तू फोन ठेवलास की नेट गेलं हे मी विचारणार नाही. बाबा म्हणतात नेट गेलं, मी पण तेच धरून चाललेय. व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं की माझं तुकडे तुकडे होतं आणि तू मधेच अंगठा पाठवतेस, म्हणून मेल. आणि आधीच सांगते, पोलिसांचा विषय यात काढणार नाहीये.

तान्हा पोळा छान झाला. विहानने तुझाच लाकडी बैल नेला, एक शिंग तुटलेला, कुंदाकाकूने त्याला जुन्या पैठणीच्या काठाची झूल शिवली. आबा पण खाली उतरले, खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला सांगत होते, नात लंडनला शांततेचं काम करते. कोणीतरी विचारलं, म्हणजे नक्की काय करते? तर म्हणाले, आम्ही करायचो तेच. मी मधे पडून सांगितलं की ही क्वेकर लोकांची संस्था आहे, म्हणजे युद्ध न मानणारा ख्रिस्ती पंथ, त्यांना 1947 चं शांततेचं नोबेल मिळालंय. खोटं कशाला बोलू, हे नोबेलचं मी आतापर्यंत निम्म्या वर्ध्याला सांगितलंय. कुंदाकाकू म्हणे, "नोबेल भेटलं ना, मग पोट्टीचा पगार काऊन वाढवत नाहीत?"

पगाराचं मी बोलत नाहीये. ब्रॅडफर्डच्या शिक्षणाच्या लोनचा हप्ता बाबा भरताहेत, तुला सांगितलंय की ते तुझ्या डोक्यावर नाही. एक वर्षाची इंटर्नशिप, त्यात खोलीचं भाडं निघतं, पुरे. पण वर्ष संपत आलं म्हणजे गणपतीला येशील असं मी मनात धरलं होतं आणि तू म्हणालीस सप्टेंबरमध्ये ते शस्त्रांचं प्रदर्शन आहे लंडनला, त्याच्या बाहेर रस्त्यावर बसायचंय. बसायचंय म्हणजे प्रार्थनेला, गप्प, हे मला कळलं गं. पण रस्त्यावर ना?

बघ, आलंच. बरं आता आलंय तर एकदाच बोलते. मार्चमध्ये तुमच्या वेस्टमिन्स्टरच्या मीटिंग हाऊसचं दार तोडून वीसच्या वर पोलीस आत शिरले आणि सहा मुलींना धरून नेलं, हे मला तुझ्याकडून कळलं नाही, बाबांनी बातमी दाखवली तेव्हा कळलं. तुझं म्हणणं, त्या क्वेकर नव्हत्या, त्यांनी फक्त खोली घेतली होती बैठकीला. मला यात धीर येण्यासारखं काय आहे ते सांग. प्रार्थनेच्या जागी, चहाबिस्किटं घेऊन बसलेल्या मुली. मग या 9 ऑगस्टला, नेमका आपला क्रांतिदिन, लंडनच्या पार्लमेंटसमोर पाचशेच्या वर लोक धरले, हातात पाट्या घेऊन बसले होते म्हणून, त्यात माझ्याहून मोठ्या बायका. ते बंदी घातलेल्या संघटनेचं प्रकरण होतं आणि तू तिथे नव्हतीस, माहितीये. तू मला ती तिथल्या सुप्रीम कोर्टाची केस सांगतेस, 2017 ला त्याच प्रदर्शनाच्या रस्त्यावर आडवे झालेले लोक सुटले म्हणून. सुटले, पण 2021 उजाडलं ना? आणि त्यांना कोणी व्हिजा विचारणार नव्हतं. तुझा दोन वर्षांचा व्हिजा, उद्या अमेरिकेचा फॉर्म भरायला घेतलास तर त्यात सरळ प्रश्न असतो, कधी अटक झाली होती का. तिथे गप्प बसून चालत नाही.

लेक्चर झालं. सॉरी. बाबा म्हणतातच की मी मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाले पण घरी जॉइन झाले.

खरं सांगू, मला तुझं शाळांमधलं काम फार आवडतं आणि ते मी कधी नीट सांगितलंच नाही. ते तू म्हणालीस ना, दोन पोरं फुटबॉलवरून मारामारीवर आली, आणि त्यांच्यात बसली कोण, तर त्यांच्याच शाळेतली दहा वर्षांची मुलगी, तुम्ही ट्रेनिंग दिलेली. एकाने बोलायचं तेव्हा दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. मग दुसऱ्याने आधी पहिला काय म्हणाला ते सांगायचं, मगच आपलं. आणि तिने कोण चूक ते सांगायचंच नाही, फक्त विचारायचं की आता काय केलं तर चालेल. इतकी वर्षं शाळेत काढली, आम्ही दोघांचे कान धरून सॉरी म्हणायला लावायचो आणि मधल्या सुट्टीत ते परत एकमेकांच्या उरावर. मी हे गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवरून बाबांवर करून पाहिलं. मी काय म्हणाले ते सांगताना ते "ही नेहमीसारखी म्हणाली की" असं सुरू झाले, तिथेच बारगळलं.

आणि तू, आरतीत दोन मिनिटं हात जोडून उभी न राहणारी, क्वेकरांच्या प्रार्थनेला तासभर गप्प बसतेस! ना पुजारी, ना पोथी, ज्याला आतून वाटेल त्याने उठून बोलायचं आणि शेवटी एकमेकांशी हात मिळवायचा, हे आबांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल नाही. सेवाग्रामला गांधीजींच्या तालीमी संघात ते शिकायला होते तेव्हा इंग्रज शिक्षिका मार्जरी सायक्स होत्या तिथे, त्या क्वेकरच. आबांना त्यांचं इंग्रजी नाही आठवत, त्यांची हिंदी आठवते. ठराव मतदानाने करत नाही, सगळ्यांचं जुळेपर्यंत थांबतो, हे तू सांगितलंस तेव्हा म्हणाले, हो, विनोबांचंही तेच होतं, सर्वसंमती. (आमच्या सोसायटीत हे लावलं तर पाण्याची टाकी 2040 पर्यंत धुतली जाणार नाही.)

आबा म्हणतात जाऊ दे पोरीला. ते म्हणणारच. आणीबाणीत त्यांना नेलं तेव्हा मी दुसरीत होते. पवनारहून विनोबांचं आलं की आणीबाणी म्हणजे अनुशासन पर्व, इकडे आणीबाणीच्या विरोधातले, जेपींच्या बाजूचे आत, सर्वोदयवाल्यांत फूट पडली आणि आमच्याकडे रोज चहाला येणारी माणसं रस्ता बदलून जायला लागली. आई बसने डबा घेऊन जेलवर जायची, एकदा मला नेलं. तिने पुडाच्या वड्या केल्या होत्या. गेटवरच्या शिपायाने एकेक वडी मोडून बघितली, आत काही लपवलंय का म्हणून, कोथिंबीर, खोबरं सगळं बोटांनी उकरलं आणि तो चुरा परत डब्यात लोटला. आई काही बोलली नाही, डबा पुसून झाकण लावलं. नंतर तिने पुडाची वडी कधी केली नाही. आबा आत होते, त्यांना गाणी होती, सोबती होते, चरखा होता. गेटवर आई होती. त्यामुळे आबांचं मत मला या बाबतीत विचारायचं नाही.

तू नोव्हेंबरमध्ये पांढरं पॉपी लावलेला फोटो पाठवला होतास, 1933 पासून लावतात म्हणालीस, तिथल्या बायकांनी सुरू केलं. तेव्हा मी "छान दिसतेस" लिहिलं आणि रात्रभर मनात की ट्रेनमध्ये कोणी काही बोललं तर. युद्धात गेलेल्या सैनिकांसाठीचं लाल लावायचं सोडून ही सावळी पोरगी शांततेचं पांढरं लावून फिरतेय असं कोणी म्हणालं तर. तू म्हणालीस एका आजोबांनी विचारलं, तू सांगितलंस, ते म्हणाले माझा भाऊ गेला युद्धात, आणि तुम्ही दोघं दोन स्टेशनं बोलत गेलात. हे मी शाळेतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं. तुझं नाव घालून.

इंद्रनील पुढच्या आठवड्यात येतोय तिकडे. त्याच्याकडे गोरसपाक देतेय, एक पाकीट तुझं, एक ऑफिसला, रविवारच्या चहाला ठेव. महालक्ष्म्यांचे फुलोऱ्याचे लाडू पण दिले असते पण तो म्हणतो वजन. थर्मल घेतेस का अजून ते जुनंच?

मी हो म्हटलं असं समजू नकोस. नाही पण म्हणत नाहीये, कारण म्हटलं तरी तू जाशील आणि मग मला सांगणार नाहीस, ते मला जास्त नको. तर एवढं कर. निघायच्या आधी त्या दिवशी जो वकिलाचा नंबर हातावर लिहिता म्हणालीस तो मला पाठव, आणि तुझ्या शेजारी जी बसेल तिचा पण. पोलीस उठा म्हणाले की उठणारे आणि न उठणारे असे दोन गट असतात असं तूच बोललीस, तू कुठल्यात ते आधीच ठरव, तिथे बसून ठरवू नकोस. व्हिजा संपेपर्यंत तरी उठणाऱ्यांत राहा. रागव माझ्यावर, पण राहा. घरी पोचलीस की मेसेज टाक, आमच्याकडे साडेचार तास पुढे, मी जागीच असते.

आई

ता.क. आबा विचारतात, रस्त्यावर बसायला खाली काय घेता? गोणपाट सगळ्यात चांगलं म्हणे, ओल वर येत नाही.