दाराबाहेर कॅमेरा बसवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, दाराबाहेर वायफाय कॅमेरा लावण्याआधी समितीला लेखी कळवावे. कॅमेऱ्याचे तोंड आपल्याच दाराकडे असावे, समोरच्यांच्या घरात डोकावणारे नको.

घेताना नुसत्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. मॉडेलची भारत सरकारची एसटीक्यूसी सुरक्षा-चाचणी झाली आहे का, हे आधी विचारा. बरेच स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झ या वायफायच्या बँडवरच (लहरींच्या पट्ट्यावरच) चालतात, तेव्हा राउटरवर तो बँड सुरू ठेवा. मेमरी कार्ड घालता येणारा घ्या, नाहीतर रेकॉर्डिंगसाठी क्लाउडचे (इंटरनेटवरच्या साठवणुकीचे) पैसे दरमहा मोजत बसाल. आणि वीज गेली की राउटरही बंद पडतो, हे दुकानात कोणी सांगत नाही! छोटा यूपीएस हवाच.

बसवल्या दिवशीच मूळ पासवर्ड बदला. नवा पासवर्ड बसवून देणाऱ्यालाही सांगू नका.

– व्यवस्थापन समिती