अण्णांच्या वह्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात निधनवार्तांमध्ये चार ओळी आल्या होत्या. एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले मिरजेचे एक मेकॅनिक, वय ६६, हृदयविकाराचा तीव्र झटका, मागे पत्नी आणि मुलगा. माहिती बरोबर होती. पण हा माणूस इतकी वर्षं रात्री कशासाठी जागला ते त्यात आलं नव्हतं. ते कुठेतरी छापून यावं, असं आमच्या आकाशनिरीक्षण गटातल्या सगळ्यांना वाटतं, म्हणून हे पत्र.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. १६ फेब्रुवारी १९८० ला खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा ते विशीत होते. लोक दारं-खिडक्या लावून घरात बसलेले असताना हे मित्राबरोबर कर्नाटकातल्या अंकोल्याला जाऊन उभे राहिले. भर दुपारी शुक्र दिसला, तिथून हे वेड लागलं, असं सांगायचे. दुर्बीण विकत घेण्याची ऐपत नव्हती, मग आरसा स्वतः घासला. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, आणि अंगणातल्या पत्र्याच्या पिंपाभोवती फिरत फिरत महिनोन्‌महिने घासणं. शेवटी अंधाऱ्या खोलीत दाढीचं पातं आडवं धरून आरशावरची सावली तपासायची. सहा इंची आरसा, पीव्हीसी पाइपची नळी, प्लायवूडची बैठक. मी शाळेत विज्ञान शिकवते. शनीची कडी मी पहिल्यांदा पाहिली ती या दुर्बिणीतून, वयाच्या तिसाव्या वर्षी. तोपर्यंत मुलांना ती फळ्यावर काढून दाखवत होते.

शनी, गुरू ते आम्हाला दाखवायचे. त्यांचं स्वतःचं काम रूपविकारी ताऱ्यांचं, म्हणजे ज्यांचा प्रकाश कमीजास्त होतो अशा ताऱ्यांचं. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद; शेजारच्या दोन ठाऊक प्रतीच्या ताऱ्यांशी तुलना करायची, हा याच्यापेक्षा किती उजळ, त्याच्यापेक्षा किती मंद ते ठरवायचं आणि वहीत लिहायचं. एवढंच, पण वर्षानुवर्षं. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेली अशा निरीक्षकांची संघटना आहे, तिच्याकडे जगभरातल्या हौशी लोकांच्या अशा कोट्यवधी नोंदी जमा आहेत आणि व्यावसायिक शास्त्रज्ञ त्या वापरतात. बंगालमध्ये जेसोरला सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्रांनी एकट्याने तिथे ३७ हजारांहून जास्त नोंदी पाठवल्या. अण्णांना त्यांचा फार अभिमान. 'कारकुनाने केलं, मेकॅनिकला का जमू नये?' असं म्हणायचे. २०२० च्या फेब्रुवारीत मृगातला काक्षी हा तारा कधी नव्हे एवढा मंद झाला, त्या दिवसांतली त्यांची एकही निरभ्र रात्र चुकलेली नाही.

गेली दोन वर्षं मात्र सगळा जीव एकाच ताऱ्यात अडकला होता. स्वाती हा तारा आणि शौरी हा तारकासमूह यांच्या मधोमध उत्तर मुकुट नावाची अर्धवर्तुळाकार चिमुकली रचना आहे. तिच्यात टी कोरोनी बोरियालिस हा दहाव्या प्रतीचा तारा आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. खरं तर ती जोडी आहे. तांबड्या राक्षसी ताऱ्याचं द्रव्य शेजारच्या श्वेत बटूवर, म्हणजे लहानशा पण अतिशय घन ताऱ्यावर, साठत राहतं आणि साधारण ८० वर्षांनी तिथे स्फोट होतो. मग तो काही दिवस ध्रुवताऱ्याइतका तेजस्वी दिसतो. १८६६ मध्ये दिसला, १९४६ मध्ये दिसला, आता पुन्हा वेळ आली आहे. लेस्ली पेल्टियर या शेतकरी घरातल्या अमेरिकन हौशी निरीक्षकाची हकीकत अण्णा नव्या माणसाला हटकून ऐकवायचे. त्याने पंचवीस वर्षं या ताऱ्यावर पहारा ठेवला. १९४६ च्या फेब्रुवारीत एका पहाटे गजर झाला, उठला, पण घसा धरलेला होता म्हणून पुन्हा पांघरुणात शिरला. तारा नेमका त्याच रात्री उजळला. वेल्समधल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाला मात्र तो खिडकीतून दिसला. 'म्हणून सर्दीचं निमित्त सांगायचं नाही,' असं अण्णा आम्हाला दटावायचे.

२३ एप्रिलच्या रात्री त्यांनी गच्चीवरून नोंद केली: प्रत १०.०. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उठताना ते गेले. अठ्ठेचाळीस तासांत, शनिवारी सकाळी, आम्ही रक्षाविसर्जनाला उभे होतो. त्याच रात्री दंडोबाच्या डोंगरावर गटाचं ठरलेलं निरीक्षण होतं, अमावास्या जवळ होती. रद्द करावं असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं पडलं, माझंही. काकूंनीच मुलाला दुर्बीण गाडीत ठेवायला सांगितली. वर पोचल्यावर कोणी फारसं बोललं नाही. टॉर्चला त्यांनी स्वतः बांधलेला लाल जिलेटिन कागद, वर रबरबँड, तसाच होता. आठवीतल्या एका मुलीने मुकुट शोधला, आयपीसला डोळा लावला आणि म्हणाली, "मॅडम, अजून तसाच आहे."

नंतर घरी गेल्यावर काकूंनी कपाट उघडून दाखवलं. दोनशे पानी वह्या, एकूण एकतीस. तारीख, वेळ, तारा, प्रत, हवा. ढगाळ रात्रसुद्धा कोरी सोडलेली नाही, तिथे 'ढग' लिहिलेलं आहे. संगणक हाताळायला जमत नसल्याने यातलं कुठेच पाठवलं गेलेलं नाही. हे आम्हाला इतक्या वर्षांत विचारायचंही सुचलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आम्ही पाच जणींनी आणि चार जणांनी वह्या वाटून घेतल्या आहेत, नोंदी संगणकावर चढवायचं काम सुरू आहे. पण या पत्राचं खरं कारण वेगळं आहे. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी हॅलेच्या धूमकेतूची रोजची रेखाटनं केली होती, १९८५-८६ ची. ते गेल्यावर घर रिकामं करताना ती रद्दीत गेली. घरच्यांना दोष देता येत नाही, त्यांना ती आकड्यांची चिठोरी वाटली. आपल्या वाचकांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत अशा वह्या असतील, वडिलांच्या, आजोबांच्या. तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, तर ती नोंद पन्नास वर्षांनीही उपयोगी पडते. त्या दिवसाचं आकाश पुन्हा बघता येत नाही. कृपा करून त्या जपा, निदान जवळच्या एखाद्या खगोलप्रेमी मंडळाला दाखवा.

टी कोरोनीचा पहारा आम्ही वारांप्रमाणे वाटून घेतला आहे. मंगळवार माझा. काल वळीव झाला, रात्री दीडपर्यंत गच्चीवर थांबले. बत्तिसाव्या वहीत 'ढग' लिहिलं आणि खाली उतरले.

आपली,
गटातील एक सभासद
मिरज, मे २०२५