एकशेचार फोटो, विधेयक एकही नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या आमदारांचा ‘कार्यअहवाल’ गेल्या आठवड्यात घरपोच आला. छप्पन पानांचा, चाररंगी, आर्ट पेपरवर छापलेला, हातात धरला की सुळकन निसटणारा. मी जन्मभर एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. छापील कागद दिसला की मलपृष्ठापर्यंत वाचून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे हा अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचणारा मतदारसंघात बहुधा मी एकटाच असेन. जुन्या सवयीने वहीत नोंदही केली. फोटो १०४. त्यांतल्या ९१ मध्ये स्वतः आमदार. हातात कुदळ ३३ वेळा, फीत कापायची कात्री १२ वेळा. नारळ मोजायचे मी मध्येच सोडून दिले. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, सभामंडप, ओपन जिम, स्मशानभूमीची शेड, सगळे रकमेसकट दिले आहे. ‘विधेयक’ हा शब्द मात्र शोधूनही सापडला नाही. ‘विधानसभा’ आहे, पण ती मुखपृष्ठावर, नावाखाली.

कामे झालेली नाहीत असे मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतला रस्ता खरेच झाला आणि दोन पावसाळे टिकला, हेही लिहून ठेवतो. कोणते काम कोणत्या पैशातून झाले ते अहवालात नाही, ही एक बारीक तक्रार. आमदार स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यातली कामे आमदार सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. याशिवाय ग्रामविकासाचे २५१५ हे लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचे खाते असते, ज्याला आमच्याकडे सगळे ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात. जिल्हा नियोजनाचा पैसा आणखी वेगळा. अहवालात हे सगळे ‘आमदारांच्या अथक प्रयत्नांतून’ या एका पोत्यात भरले आहे. आमच्या वॉर्डातल्या एका गटारीवर तीन फलक आहेत, आमदारांचा, माजी जिल्हा परिषद सदस्यांचा आणि सरपंचांचा. गटार मात्र एकच आहे, तीही तुंबलेली. असो.

माझे म्हणणे वेगळे आहे. गटार ग्रामपंचायतही बांधू शकते, सभामंडप वर्गणीतूनही उभा राहतो. आमच्या तालुक्यातल्या लाखो लोकांपैकी कायदा करायला मात्र एकच माणूस जाऊन बसतो. २८८ खुर्च्यांपैकी एक खुर्ची आमची आहे. तिथे बसून त्याने काय केले, हे तो आम्हाला सांगत नाही आणि आम्हीही त्याला विचारत नाही.

तिथे होणारे काम हलके समजू नये. १९७७ साली याच विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. केंद्राला तसा कायदा करायला २००५ साल उजाडले. जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकले तर तो गुन्हा ठरवणारा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा इथलाच, २०१६ चा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आमच्या भागात असे बहिष्कार आजही घालतात. बसस्टँडवर उभे राहून दहा जणांना विचारा, या कायद्याचे नाव ऐकलेला एक भेटला तरी नशीब.

आणि २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा. त्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे पत्र लिहायला बसलो ते त्याच्याचमुळे.

आमच्या शेजारच्या ताईंच्या मुलीला प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. दाखल्यांच्या सेवा केंद्रावर अर्ज भरला, पैसे दिले, पावती घेतली. मग सुरू झाल्या फेऱ्या. एकदा सर्व्हर डाऊन, एकदा साहेब मीटिंगला, एकदा ‘सही राहिलीय, परवा या’. प्रवेशाची मुदत तोंडावर आली तेव्हा ताई रडकुंडीला येऊन आमदारांच्या संपर्क कार्यालयात गेल्या. स्वीय सहायकाने तिथल्या तिथे फोन लावला. संध्याकाळी पाचच्या आत दाखला हातात. ताई पेढे घेऊन आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “काका, साहेब होते म्हणून झालं हो. उपकार झाले त्यांचे.”

मी म्हटले, पावती बघू. पर्समधून चार घड्या घातलेली पावती निघाली. सेवा कधीपर्यंत मिळायला हवी, ती तारीख तिच्यावर छापलेली होती. ती उलटून अकरा दिवस झाले होते. ताईंनी ती ओळ वाचलीच नव्हती. त्या ओळीला काही अर्थ असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नव्हते.

त्या ओळीला अर्थ आहे तो असा. अधिसूचित केलेली, म्हणजे सरकारने यादीत जाहीर केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा या कायद्याने नागरिकाचा हक्क आहे. अर्जाची पोच द्यावी लागते. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण आणि अपील कुणाकडे करायचे, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिले अपील करता येते, ते वरच्या अधिकाऱ्याकडे. तिथे नाही जमले तर दुसरे अपील, आणि त्याच्याही वर लोकसेवा हक्क आयोग. पुरेसे कारण नसताना सेवा अडवून ठेवली तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंड मोठा नाही. पण हातात पावती घेऊन ‘अपील करू का?’ एवढे विचारले, तरी खिडकीमागचा आवाज बदलतो. हे मी स्वतःच्या एका कामात अनुभवले आहे.

म्हणजे झाले काय? जे ताईंना हक्काने मिळायचे होते ते मुदत उलटल्यावर मिळाले, आणि तेही उपकार म्हणून. ज्या सभागृहाने हा कायदा केला, त्याच सभागृहातल्या आमदारांच्या कार्यालयातून फोन गेला. त्याऐवजी दोन मिनिटे खर्चून कुणी ताईंना पावतीवरची तारीख दाखवली असती तर? पुढच्या वेळी त्या कार्यालयात आल्याच नसत्या. गोम तिथेच आहे, असा मला संशय आहे. फोन केला की माणूस बांधला जातो. कायदा समजावून सांगितला तर तो मोकळा होतो.

आता आमदारांची बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. आमच्या आमदारांच्या दारात सकाळी सातपासून रांग असते. त्यात बदलीवाले असतात, दवाखान्याच्या बिलवाले असतात, भावकीच्या भांडणातले असतात. विधेयकाचे कागद आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी हातात पडले, असे आमदार स्वतःच सांगतात. नागपूरचे अधिवेशन तर २०२४ साली सहा दिवसांत आटोपले. एवढ्या वेळात कोण काय वाचणार? शिवाय पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा आदेश निघाला की १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर स्वतःच्या मताला फारशी जागा उरत नाही. आणि आम्ही मतदार तरी काय धुतल्या तांदळाचे आहोत? बारशाला आले नाहीत म्हणून रुसणारे आम्हीच. सभागृहात लक्षवेधी सूचना का मांडली नाही म्हणून रुसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तरीही एका गोष्टीने मी चकित झालो. अहवाल मिटल्यावर मी नातवाला सोबत घेऊन विधिमंडळाचे कागद इंटरनेटवर धुंडाळले. एका तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात उत्तर द्यायच्या प्रश्नाखाली आमच्या आमदारांचे नाव सापडले! तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या रिक्त पदांचा प्रश्न. आणखी चौदा जणांची नावे त्याच प्रश्नावर होती, ते सोडा. “पदे रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?” त्यावर मंत्र्यांचे उत्तर, “हे अंशतः खरे आहे.” पुढे पदे भरण्याची कार्यवाही सुरू असल्याचे आश्वासन आणि शेवटी ते नेहमीचे “प्रश्न उद्भवत नाही.” ही उत्तरे वाचायची सवय लागली की त्यांत एक वेगळीच गंमत येते. पण हे मोलाचे काम होते. सरकारने छापील कबुली दिली होती, तीही आमच्या रुग्णालयाबद्दल.

अहवालात या प्रश्नाचा उल्लेख कुठेही नाही. त्याच रुग्णालयाचा फोटो मात्र आहे, पान ४१ वर. वाढदिवसानिमित्त रुग्णांना फळवाटप.

केलेले खरे काम वगळून केळी छापावीत, असे का वाटत असेल? कारण आम्हाला केळीच कळतात, असा त्यांचा हिशेब आहे. तो हिशेब अगदीच चुकीचा नाही, हे अधिक वाईट.

कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे होते तेव्हा लोकांकडून सूचना आणि हरकती मागवल्या होत्या. बारा हजारांहून जास्त आल्या. जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. ते बरे की वाईट, हा वाद मी इथे काढत नाही. पण सूचना पाठवायची मुदत चालू होती त्या दिवसांत आमच्या आमदारांच्या व्हॉट्सअॅप गटावर काय येत होते, ते मी मागे जाऊन पाहिले. आमदार चषक क्रिकेट स्पर्धेचे लॉट्स, दोन वाढदिवस, एक दशक्रिया विधी. ‘असे एक विधेयक आले आहे, तुमचे काही म्हणणे असेल तर या पत्त्यावर कळवा’, एवढी एक ओळ टाकायला निधी लागत नाही.

संपादक महोदय, आपल्यालाही थोडे बोलतो, राग मानू नये. अधिवेशन सुरू झाले की विधानभवनाच्या पायऱ्यांवर कोणी कोणती टोपी घातली, कोणी कांद्याची माळ घातली, याचा तीन कॉलमी फोटो येतो. त्या दिवशी मंजूर झालेली विधेयके आतल्या पानावर, तळाला, दोन ओळींत. अधिवेशनानंतरच्या रविवारी अर्धे पान देता येईल का? आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराने कोणते प्रश्न विचारले, काय उत्तरे मिळाली, कोणते विधेयक मंजूर झाले आणि त्याचा गावातल्या माणसाला उपयोग काय, एवढेच. सोबत एखाद्या सेवेची चौकट द्यावी: दाखला कोणता, दिवस किती, अपील कुणाकडे. वाचनालयात अशी कात्रणे मी पाटीवर लावत असे आणि लोक उभ्या उभ्या ती वहीत उतरवून घेत, म्हणून सुचवतो.

आमदारांकडेही मी गेलो होतो. साध्या कागदावर पत्र दिले. छप्पन पाने नकोत, दर अधिवेशनानंतर पाठपोट एक पान द्या, आणि संपर्क कार्यालयाच्या भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याची माहिती लावा, इतकेच त्यात होते. स्वीय सहायकाने पत्र दोनदा वाचले, पोचेवर शिक्का मारला आणि आवाज खाली आणून अगदी आपुलकीने विचारले, “ते सगळं ठीक आहे काका, पण तुमचं काम काय आहे ते सांगा ना. साहेबांना सांगून लगेच करून देतो.”

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल