नानांचं ऐकून घेणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मा. डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी जिंतूर तालुक्यातल्या नानांची थोरली लेक. दवाखान्यात तुमचे आभार मानले होते, पण ते चार लोकांसमोर मानावेत असं फार वाटत होतं, म्हणून हे उघड पत्र.

आई गेली, पाठोपाठ पावसानं दगा दिला, सोयाबीन हातचं गेलं. तेव्हापासून नानांची झोप उडाली. पहाटेच उठून ओसरीवर बसायचे. "छातीत धडधडतंय, जेवण जाईना, कशातच मन लागंना," एवढंच बोलायचे. ईसीजी झाला, सलाईन झालं, ताकदीची इंजेक्शनं झाली, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं तर भावकी म्हणाली, "येरवड्याला नेता का म्हाताऱ्याला?" राज्यातली जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. मग या आजाराचं नाव निघालं की माणूस दूर नेऊन ठेवतात, हेच लोकांच्या डोक्यात बसलेलं.

परभणीत तुमच्यासमोर बसलो तेव्हा तुम्ही आधी आम्हाला बाहेर बसवलं आणि नानांशी एकट्यांशी बोललात. बाहेर बाकडी भरलेली असताना! आत काय झालं ते नानांनीच पुढे सांगितलं. तुम्ही सरळ विचारलंत, "नाना, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" आणि नाना "हो" म्हणाले. घरात हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघाला नसता, कारण विचारलं की तसलं डोक्यात येतं, अशी आमच्याकडे समजूत. नाना मात्र म्हणतात, कुणीतरी विचारलं तेव्हा छातीवरचा दगड सरकला. मग त्यांच्या परवानगीनं तुम्ही भावाला आत बोलावून सांगितलंत, फवारणीचं औषध घरात ठेवू नका. त्याच संध्याकाळी सगळे डबे चुलत्याच्या कोठीत कुलपात गेले. फाईलवर तुम्ही लिहून दिलेला टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा, 14416 हा नंबर अजून आमच्या भिंतीवर आहे.

थायरॉईड तपासून मग गोळी दिलीत. "लगेच फरक दिसणार नाही, दोन-चार आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, पण मनानं बंद करू नका," हे आधीच सांगितल्यामुळे पहिल्या आठवड्यात आमचा धीर सुटला नाही. सवय लागायची भीती होती, तीही तुम्ही न चिडता काढलीत.

पण मला सगळ्यात मोठी वाटते ती तुमची दुसरी बाजू. गोळी लिहिणारा डॉक्टर एकीकडे, बोलून उपचार करणारा दुसरीकडे, असं असतं तर आम्ही दुसरीकडे पोचलोच नसतो. एसटीनं जाऊन यायचं म्हणजे नानांचा दिवस मोडतो. तुम्ही दोन्ही एकाच खोलीत केलंत. "मी पोरांच्या गळ्यात पडलोय," असं नाना म्हणायचे. आम्ही लगेच "छे, छे, काहीतरीच" म्हणायचो. तुम्ही विचारलंत, "कशावरून?" आणि वहीत तीन रकाने आखून दिलेत: काय घडलं, मनात काय आलं, दुसरं काय असू शकतं. नाना सांगायचे, माझा भाचा लिहायचा. एका पानावर आहे: "सुनबाई चहा देऊन लगेच गेली. मला कंटाळली. किंवा दूध उतू जात होतं." हे वाचून नाना कितीतरी दिवसांनी हसले.

"मन लागलं की शेतात जाईन," या त्यांच्या बोलण्यावर तुम्ही म्हणालात, "आधी बांधापर्यंत जा, मन मागून येईल." मग बैलांना वैरण, मग पारावर थोडा वेळ, मग पेरणी. यंदा तूर त्यांनी स्वतः उभं राहून पेरून घेतली.

पुढच्या महिन्यात तुम्ही बोलावल्याप्रमाणे येतोय. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनाही त्यांच्या बाळंत झालेल्या सुनेची काळजी वाटते आहे. सून रात्ररात्र जागी असते, बाळाला जवळ घेत नाही. नानांनी स्वतः त्यांच्या घरी जाऊन "चला, मी येतो संगं" म्हटलंय. तेव्हा आमच्याबरोबर त्या दोघींचीही वेळ लावून ठेवा, ही विनंती.

तुमची कृतज्ञ,
नानांची थोरली