सरांना भूल देण्यापूर्वी

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

इतक्या दिवसांत पत्र नाही म्हणून तू रागावला असशील आणि तो राग रास्तच आहे. पण आजची गोष्ट तुझ्यावाचून कुणाला सांगावी हे सुचेना. सरांची बायपास पुढच्या गुरुवारी ठरली असून भूल मीच द्यावी, असा त्यांचा आग्रह आहे. माझी प्रकृती ठीक आहे.

अडथळा लेफ्ट मेनमध्ये, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीतच आहे, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब उतरला तर हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा घटेल आणि ट्यूब घालताना ठोके वाढले तर त्याच स्नायूची प्राणवायूची गरज वाढेल. म्हणून मनगटातली आर्टिरियल लाइन, म्हणजे ठोक्यागणिक रक्तदाब दाखवणारी धमनीतली नळी, तेवढी जागा बधिर करून, ते जागे असतानाच घालणार आहे आणि औषधे अगदी सावकाश देणार आहे. तू म्हणशील, ‘फेंटानिल सढळ हाताने दे.’ सुनंदाने मध्ये पडून थांबवलेले आपले ते भांडण मी अजून सोडलेले नाही! ठोके त्या वेदनाशामकाने स्थिर राहतात हे मान्य. पण मग व्हेंटिलेटर लवकर निघत नाही आणि वेदना दबली म्हणून जाणीवही गेली, असे धरून चालता येत नाही.

खरी काळजी इथेच आहे. काल सरांनी विचारले, “पंपावर असताना मला ऐकू आले तर?” हा प्रश्न रुग्ण विचारतो तेव्हा मला उत्तर देता येते, सरांना काय सांगणार? पंपावर, म्हणजे हृदय-फुप्फुसांचे काम यंत्र करत असताना, व्हेंटिलेटर बंद असतो, म्हणून भुलेचा वायू त्या यंत्राच्या ऑक्सिजनेटरमधून द्यायचा किंवा प्रोपोफॉल हे भुलेचे औषध शिरेतून चालू ठेवायचे. हृदय थांबलेले असल्याने ठोक्यांवरून काही कळत नाही, स्नायू शिथिल केलेले असल्याने माणूस बोटही हलवू शकत नाही, आणि पंपावर थंड केलेले शरीर पुन्हा ऊबदार करू लागले की मेंदूची भुलेची गरज वाढते. बिसचा, म्हणजे मेंदूच्या लहरींवरून भुलेची खोली मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा 40 ते 60 मध्ये राखायचा खरा, पण थंडीनेही तो उतरतो, मग एकट्या त्याच्यावर किती विसंबायचे? हा धोका इतर बहुतेक शस्त्रक्रियांपेक्षा इथे अधिक आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते हसून म्हणाले, “उत्तर बरोबर आहे, पण रुग्णाला जरा धीरही द्यावा.”

पुन्हा ऊबदार करताना मिडॅझोलाम द्यावे, म्हणजे काही ऐकू आलेच तरी आठवणीत राहणार नाही, असे एक मन म्हणते. पण त्यांचे वय पाहता शुद्धीवर येताना भ्रम होण्याची भीती आहे, आणि ती तल्लख बुद्धी दोन दिवसांपुरतीही ढवळलेली मला पाहवणार नाही. माझा कल ते टाळून वायूची मात्रा वाढवण्याकडे आणि त्याने उतरणारा रक्तदाब नॉरअ‍ॅड्रेनॅलिनने सांभाळण्याकडे आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? मुलीचा निकाल कळला. तिला माझे आशीर्वाद सांग.

मिडॅझोलामबद्दल तुझे मत बुधवारच्या आत मला हवे आहे, आणि रजा मिळाली तर तू स्वतःच ये. रक्त गोठू न देणाऱ्या औषधावरचा उतारा म्हणून प्रोटामिन देताना रक्तदाब कोसळू शकतो, तेव्हा दुसरे दोन हात तुझे असावेत, असे मला मनापासून वाटते. तुला बोलावल्याचे सरांना अजून सांगितलेले नाही.

तुझा,
श्रीधर