खोक्यावरची किंमत आणि कॅमेऱ्याचा खरा खर्च

माननीय संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सणासुदीच्या खरेदीचे दिवस आले की आपल्या पुरवणीत डिजिटल कॅमेऱ्यांचे तुलनात्मक तक्ते प्रसिद्ध होतात. मेगापिक्सेल, झूम, सवलत आणि मासिक हप्ता असे त्यांचे ठरलेले रकाने असतात. असाच एक तक्ता कापून माझ्या पुण्यातील भाचीने मला पाठवला आणि विचारले, "मामा, सत्तर हजार घालू का?" तिची नोकरी नवी आहे आणि हौस खरी आहे. त्यामुळे "घे" किंवा "घेऊ नको" असे एका शब्दात उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. तिला काहीतरी सांगण्यापूर्वी आपणच विकत घेतलेल्या कॅमेऱ्याचा हिशेब एकदा मांडावा असे मनात आले. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला दुसरे सुचणार तरी काय! त्या हिशेबातून जे दिसले ते आपल्या इतर वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

मी 2014 च्या दसऱ्याला दोन लेन्ससह एक डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा 38,500 रुपयांना घेतला. बॅग आणि एक मेमरी कार्ड फुकट मिळाले, याचा त्या वेळी फार आनंद झाला होता. पुढच्या काही महिन्यांत दुसरी बॅटरी, मोठे कार्ड, फिल्टर आणि ट्रायपॉड यांवर 7,900 रुपये गेले आणि वर्षभराने 50 मिलिमीटरची (हा आकडा जितका मोठा तितका लेन्सचा पल्ला लांब) एक छोटी लेन्स 7,600 रुपयांना घेतली. म्हणजे खोक्यावर 38,500 लिहिलेली वस्तू मला 54,000 रुपयांना पडली. आता वापराकडे वळू. कॅमेरा प्रत्येक फोटोला क्रमांक देतो आणि 9999 नंतर पुन्हा 0001 पासून सुरुवात करतो. जुन्या फोल्डरांवरून मी बेरीज केली, तेव्हा दहा वर्षांत बटण सुमारे 16,300 वेळा दाबले गेले असे निघाले. त्यातले 11,000 फोटो पहिल्या सव्वा वर्षातले आहेत आणि 2019 ते 2023 या पाच वर्षांतले जेमतेम 700. ज्यांच्या प्रिंट काढल्या किंवा जे घरच्यांनी मागून घेतले, असे फोटो भरले 216. चोपन्न हजारांना 216 ने भागले की प्रत्येक फोटो अडीचशे रुपयांना पडतो. हा आकडा मी सौभाग्यवतींना अजून सांगितलेला नाही.

रोलच्या काळात हा हिशेब कोणाला मांडावा लागत नसे. छत्तीस फोटोंचा रोल, त्याची धुलाई आणि पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंट असा खर्च दर वेळी खिशातून जात असल्यामुळे प्रत्येक फोटोचे मोल बटण दाबतानाच कळत असे. डिजिटल कॅमेऱ्यात सगळे पैसे आधी मोजावे लागतात आणि नंतरचा प्रत्येक फोटो फुकट असल्यासारखा वाटतो. म्हणून कॅमेरा महाग की स्वस्त, हे दुकानात ठरतच नाही. तो पुढच्या चार-पाच वर्षांत कपाटाबाहेर किती दिवस राहतो, यावर ते ठरते.

मग मोबाईल असताना कॅमेरा बाहेर निघेल कशाला? बहुतेकांच्या बाबतीत तो निघतच नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार 2010 मध्ये सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले गेले होते. 2023 मध्ये ही संख्या ऐंशी लाखांच्याही खाली होती. दिवसाउजेडी काढलेला सहलीचा फोटो, बारशाचा घोळका, ताटातले उकडीचे मोदक यांसाठी चांगला मोबाईल पुरेसा असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेल्या फोटोत दोहोंमधला फरक ओळखणारा मला अजून भेटलेला नाही. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलण्याचे तर काहीच कारण नाही. सहा बाय चार इंचांच्या उत्तम प्रिंटला 300 डीपीआयच्या, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांच्या, हिशेबाने सव्वादोन मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. अठरा बाय बारा इंचांची फ्रेम भिंतीवर लावायची असेल तरी वीस मेगापिक्सेलच्या आत काम भागते, आणि तेवढे मेगापिक्सेल आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सापडतात.

फरक पडतो तो कमी प्रकाश, हलणारे दृश्य आणि लांबचे अंतर या तीन ठिकाणी, आणि यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की मोबाईल हात टेकतो. आमच्याकडच्या शिमग्याचे उदाहरण देतो. रात्री सहाणेसमोर, म्हणजे पालखी ठेवण्याच्या ओट्यासमोर, पालखी नाचत असते, उजेड म्हणजे दोन हॅलोजन आणि ढोलांच्या बाजूला एक ट्यूबलाईट. मोबाईल अंधारात एकापाठोपाठ अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो. त्यामुळे देवळाची दीपमाळ अप्रतिम येते, कारण ती जागची हलत नाही. पण पालखी आणि ती खांद्यावर घेऊन नाचणारे गावकरी यांचा मात्र रांगोळी पुसल्यासारखा फराटा होतो. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सनेही पहिल्या वर्षी माझी हीच गत झाली. ती लेन्स 50 मिलिमीटरला नेली की तिचे छिद्र एफ 5.6 पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), तर 7,600 रुपयांची छोटी लेन्स एफ 1.8 पर्यंत उघडते. आकडे किरकोळ दिसतात, पण प्रकाश साडेनऊ पट आत येतो. जिथे आधी सेकंदाचा तेरावा भाग शटर उघडे ठेवावे लागत होते, तिथे आता सव्वाशेवा भाग पुरतो, आणि तेवढ्यात पालखीच्या गोंड्यांचीही झुलता झुलता मूर्ती होते. त्या 216 फोटोंपैकी जवळजवळ निम्मे या एकाच लेन्सचे आहेत. थोडक्यात, मोठ्या रकमेतून मला जे मिळाले त्यातले निम्मे सर्वांत लहान रकमेतून मिळाले आणि आपल्या तक्त्यांत या लेन्सला रकानाच नाही.

याच्या उलट गोष्ट कॅमेऱ्याबरोबर आलेल्या दुसऱ्या, लांब पल्ल्याच्या लेन्सची. मला धनेश पक्षी टिपायचा होता. रायवळ आंब्यावर बसलेला धनेश डोळ्यांना भलामोठा दिसतो. पण 250 मिलिमीटरच्या लेन्समधून तो फोटोत चिमणीएवढाच उतरतो आणि त्याच्याभोवती उरते ती नुसती पाने. पक्ष्यांच्या मागे असलेले लोक 400 ते 600 मिलिमीटरच्या लेन्स वापरतात. त्यांतल्या बऱ्यापैकी लेन्सची किंमत लाखाच्या घरात जाते आणि वजन दीड-दोन किलो भरते. भिगवणचे रोहित पक्षी किंवा ताडोबातला वाघ डोळ्यांसमोर ठेवून कॅमेरा घेणाऱ्याने कॅमेऱ्याची किंमत न विचारता आधी या लेन्सची विचारावी. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सफारीला मोबाईल नेता येत नाही, म्हणून तिथे कॅमेऱ्याला पर्याय नाही हे खरे. पण वर्षातल्या एका सफारीसाठी लेन्स भाड्याने घेणे केव्हाही शहाणपणाचे.

आता माझ्या हिशेबातला न मांडलेला तोटा सांगतो. 2018 च्या पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत घालून लाकडी कपाटात ठेवला तो चार महिने बाहेर काढला नाही. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढला, लांब पल्ल्याची लेन्स उजेडाकडे धरली, तर आतल्या काचेवर कोळ्याने जाळे विणावे तशी बुरशी पसरलेली. मध्यभागी पांढुरका ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेले केसासारखे धागे. दुरुस्ती केंद्राने काच स्वच्छ करण्याचा जो खर्च सांगितला त्यात तशीच जुनी लेन्स विकत मिळाली असती. फुकट मिळालेली बॅगच या प्रकाराला कारण झाली, हे मागाहून कळले. बॅगेतला फोम दमट हवा धरून ठेवतो आणि अंधार व ओल मिळाली की बुरशीला आणखी काही लागत नाही. तेव्हापासून कॅमेरा आणि लेन्स पापडांच्या हवाबंद डब्यात असतात. सोबत निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी आणि आर्द्रता दाखवणारे छोटे मीटर ठेवतो. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. जेलचे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर जुन्या तव्यात परतून पुन्हा निळे करावे लागतात. तो तवा मात्र पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. मुंबईत आणि कोकणात राहणाऱ्या कोणालाही कॅमेरा विकताना दुकानदाराने हे सांगायला हवे. मला कोणी सांगितले नाही आणि आपल्या पुरवणीतही ते कधी वाचल्याचे आठवत नाही.

खरेदीच्या व्यवहाराबद्दल थोडेसे. कॅमेऱ्यावरचा जीएसटी 1 जानेवारी 2019 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. तरीही पक्क्या बिलाशिवाय स्वस्तात माल देणारे भेटतात आणि अशा कॅमेऱ्याला कंपनीची भारतातली वॉरंटी बहुधा नसते. "बिनव्याजी" हप्त्यांचेही तसेच आहे. व्याजाची रक्कम सुरुवातीलाच सवलत म्हणून वजा झालेली असते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच खात्यातून जाते. शिवाय रोख घेणाऱ्याला दुकानदार जे चारपाचशे सोडतो, तेही इथे मिळत नाहीत. फार मोठी रक्कम नव्हे, परंतु "बिनव्याजी" हा शब्द त्यामुळे खरा ठरत नाही.

यापेक्षा मोठा निर्णय डीएसएलआर की मिररलेस (आत आरसा नसलेला) हा आहे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी 2018 मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांसाठी लेन्स जोडण्याची नवी रचना आणली आणि त्यानंतर त्यांचे जवळजवळ सगळे नवे काम तिकडेच चालू आहे. म्हणजे जुन्या पद्धतीचा डीएसएलआर आज नवा घेणे हे मला पटत नाही. वापरलेला घेणे मात्र अवश्य पटते. कॅननच्या 1987 पासूनच्या आणि निकॉनच्या 1959 पासूनच्या परंपरेतल्या लेन्स हौशी लोक मिररलेस घेताना विकायला काढतात आणि त्या निम्म्या किमतीत मिळतात. निकॉनच्या फार जुन्या लेन्सबाबत एवढेच, की त्या आपल्या कॅमेऱ्यावर चालतील का, हे आधी विचारून घ्यावे. वापरलेली लेन्स घेताना तिच्या एका बाजूने मोबाईलची विजेरी लावून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. वर वर्णन केलेले जाळे असेल तर ताबडतोब दिसते. कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडले आहे याची नोंद काढता येते, ती मागावी. मूळ बिलावरचा आणि कॅमेऱ्याखालचा क्रमांक एकच आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्यांचे पोटच कॅमेऱ्यावर आहे त्या लग्नाच्या छायाचित्रकारांना यातले काही लागू नाही. एका हंगामात त्यांचे पैसे वसूल होतात, आणि झाले नाहीत तर त्यांना ते माझ्या आधी कळते.

भाचीला मी इतकेच सुचवले, की सत्तर हजारांचा विचार करतेच आहेस तर आधी तोच कॅमेरा दोनदा भाड्याने घे, एकदा प्रवासाला आणि एकदा कुठेही जायचे नसताना. पुण्यात दिवसाच्या बोलीवर कॅमेरे देणारी दुकाने आहेत. ओळखपत्र आणि अनामत रक्कम द्यावी लागते. पहिल्या खेपेला ती मैत्रिणींबरोबर कास पठारावर गेली आणि आल्यावर तक्रार केली ती खांदा दुखल्याची. फुलांचे अर्धे फोटो तिने मोबाईलवरच काढले होते. दुसऱ्या खेपेला रविवारभर घरीच होती आणि संध्याकाळी मंडईत एक चक्कर मारून आली. त्या रात्री तिने फोन केला. फोटोंबद्दल ती फारसे बोललीच नाही. "मामा, त्या छोट्या खिडकीला डोळा लावला की मधे कोणाचा मेसेज येत नाही," एवढेच म्हणाली. माझ्या 54,000 रुपयांच्या हिशेबात या गोष्टीला जागा नव्हती, हे कबूल करतो. तिने शेवटी एक वापरलेला डीएसएलआर आणि 50 मिलिमीटरची लेन्स मिळून 19,000 रुपयांत घेतली. लांब पल्ल्याची लेन्स तिने घेतली नाही.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या तक्त्यांत लेन्सची वेगळी किंमत, लेन्ससह वजन आणि जवळचे दुरुस्ती केंद्र कोणत्या शहरात आहे, हे रकाने जरूर वाढवावेत. मेगापिक्सेलचा रकाना काढून टाकला तर जागा आपोआप होईल.

माझा कॅमेरा दर शिमग्याला पापडांच्या डब्यातून बाहेर निघतो. ती लांब पल्ल्याची लेन्स मात्र मी विकायला काढली आहे. विचारणाऱ्या प्रत्येकाला आत बुरशी असल्याचे आधीच सांगतो, आणि अजून गिऱ्हाईक मिळालेले नाही.

आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण