उलटी झाली म्हणून इन्सुलिन थांबवू नकोस

प्रिय दिनेश,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य वाचून थबकलोच: ‘मुक्ताने दिवसभर काही खाल्लं नाही, म्हणून सुई दिली नाही.’ टाइप १ मधुमेहात घात होतो तो नेमका इथे.

जेवणाचं इन्सुलिन वेगळं आणि चोवीस तासांचं वेगळं. पोरगी जेवली नाही तर पहिल्याचा डोस बदलेल, पण दुसरं बंद करायचं नाही. उपाशीपोटीही यकृत रक्तात साखर सोडतच असतं, तापात तर जास्तच. इन्सुलिन नसलं की ती साखर पेशींना वापरता येत नाही. मग शरीर चरबी वितळवतं आणि यकृत तिचे कीटोन बनवतं. ते आम्ल असल्याने रक्ताचा पीएच ७.३ च्या खाली घसरतो. इकडे साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते, सोबत सोडियम-पोटॅशियमही.

चकवतं ते पोट. मळमळ, उलट्या, पोटदुखी ही कीटोॲसिडोसिसचीच, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होण्याचीच लक्षणं, आणि घरात सगळे म्हणतात, पित्त झालंय! पित्ताची गोळी नंतर, आधी साखर आणि कीटोन बघ. श्वास खोल, भरभर चालत असेल, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल किंवा पोरगी गुंगीत असेल, तर आकड्यांची वाटही बघू नकोस, दवाखाना गाठ.

आजारपणात दर दोन-तीन तासांनी साखर तपासायची, रात्रीसुद्धा. ती २५० च्या वर असली किंवा उलट्या होत असल्या की कीटोनही. रक्तातले कीटोन (मिलिमोल प्रति लिटरमध्ये) ०.६ च्या आत असले तर ठीक. १.५ च्या वर गेले तर लगेच डॉक्टरांना फोन, ३ झाले तर थेट रुग्णालय. जादा इन्सुलिन कधी, किती द्यायचं ते त्यांच्याकडून आजच लिहून घे. लघवीची पट्टी स्वस्त पडते, पण मुख्य कीटोन तिला दिसतच नाही, त्यामुळे सुरुवातीला ती कमी दाखवू शकते. पाणी घोट-घोट पाजत राहा. साखर उतरू लागली तर गोड सरबत दे, म्हणजे इन्सुलिन चालू ठेवता येतं. रुग्णालयातही म्हणूनच साखर उतरल्यावर सलाइनमध्ये ग्लुकोज घालतात. कीटोन संपेपर्यंत इन्सुलिन लागतंच.

आणखी एक, फार साधी चूक. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरला ४०. त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी टोपणाची १०० युनिटवाली वापरलीस तर दहाच्या रेघेपर्यंत भरूनही अंगात चारच युनिट जातात. घरातल्या कुपीवरचा आकडा आणि सिरिंजच्या टोपणाचा रंग बघून आजच मला कळव.

तुझा,
विनय